बिनचूक निबंध आणि आमच्या वन्सं

दुसऱ्याची चूक सापडली की रागावणारी, हसणारी किंवा ती चारचौघांत सांगत फिरणारी माणसं मी भरपूर पाहिली आहेत. मी पुण्याची असल्यामुळे त्यांतली काही माझ्या अगदी जवळच्या नात्यातली आहेत. पण दुसऱ्याची चूक सापडली म्हणून आनंदाने डोळे भरून येणारी बाई उभ्या जगात एकच असावी, आणि ती माझी नणंद आहे. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न झाल्यावर मी त्यांना ‘वन्सं’ म्हणायला लागले ते निव्वळ चेष्टेने, कारण हा शब्द माझ्या आईच्या पिढीतच म्हातारा झाला होता. पण तो असा काही चिकटला की आता अमेरिकेतल्या आमच्या ह्या चँडलर गावातली ओळखीची सगळी मराठी घरं त्यांना वन्सं म्हणतात. त्यात त्यांच्याहून वयाने मोठे असलेले दोन काकाही आहेत.

वन्सं अमरावतीच्या. लग्न होऊन अमेरिकेत आल्या, इथे पुन्हा शिकल्या, आणि यजमान गेल्यावर आमच्याच कॉलनीत दोन गल्ल्या सोडून राहायला आल्या. गेली कितीतरी वर्षं त्या इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात पहिल्या वर्षाला निबंधलेखन शिकवतात. अमेरिकन मुलांना इंग्रजी शिकवायला अमरावतीहून बाई यावी लागली, ह्याचा आमच्या घराला इतका अभिमान आहे की नवीन पाहुण्याला पाण्याच्या ग्लासाबरोबरच ही माहिती दिली जाते. त्यांच्या वर्गात नुकती शाळा संपवलेली पोरं असतात, तशी दिवसभर काम करून थकून आलेली, पोराबाळांची माणसंही असतात. ह्या सगळ्यांच्या चुका वन्सं एका जाड वहीत उतरवून ठेवायच्या. शिक्षा म्हणून नव्हे, एखाद्याने फुलं वहीत दाबून ठेवावीत तशा. आणि नवीन फूल सापडलं की मला फोन.

“बसली आहेस का?” त्या विचारायच्या. “आधी बस.”

मी कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. डोळ्यांना दिसणारही नाहीत अशा चुका पकडायच्या आणि मुळापासून नाहीशा करायच्या, ह्याचाच मला पगार मिळतो. त्यामुळे त्यांचा हा जिव्हाळा मला पहिली दोन वर्षं कळलाच नाही. एकदा एका मुलाने लिहिलं होतं की त्याचे आजोबा चाळीस वर्षं वाळवंटात राहिले, पण स्पेलिंगमध्ये एक ‘एस’ जास्त पडल्यामुळे ते चाळीस वर्षं जेवणानंतरच्या गोड पदार्थात राहिले. दुसऱ्या एकीने ‘विंडो ऑफ ऑपॉर्च्युनिटी’ लिहिताना ‘विंडो’तला ‘एन’ गाळला आणि संधीच्या खिडकीची संधीची विधवा झाली. हे सांगताना वन्सं फोनवर इतक्या हसल्या की मला वाटलं लाईन कट झाली. मग श्वास घेऊन म्हणाल्या, “अगं, मी तीच आहे की! नवरा गेल्यावरच तर मला पूर्ण वेळची नोकरी मिळाली.” ह्यावर हसावं की हळहळावं हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

चुकांवरून माणूस ओळखण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. सत्राच्या शेवटी विद्यार्थी नाव न लिहिता शिक्षकांविषयी मत देतात. एकाने लिहिलं, बाई शिकवतात चांगलं पण फार बोलतात. वन्संनी स्वल्पविरामाची जागा बघून माणूस ओळखला आणि दुसऱ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये गाठून त्याला सांगितलं, “तुझं म्हणणं बरोबर आहे.” मग त्याच्याशी त्या पाऊण तास बोलल्या.

शिवाय विद्यार्थ्यांची शिफारस करायची त्यांची खोड. कुणाला काही हवं असो, वन्संचा एक विद्यार्थी ते करतच असायचा. आमच्या डेंटिस्टकडची रिसेप्शनिस्ट, लिंबाचं झाड छाटून देणारा माणूस, गाडीची काच बसवणारा, सगळे त्यांचे. एका वर्षी त्यांची एक विद्यार्थिनी केस कापायला शिकत होती. त्या दिवाळीच्या फोटोत आमच्या मंडळातल्या नऊ बायकांची डावी बाजू उजवीपेक्षा आखूड आहे. वन्सं स्वतः त्यात मधोमध, सगळ्यांत आखूड आणि सगळ्यांत खूश.

मग ती लिहून देणारी यंत्रं आली. विषय सांगायचा, की निबंध तयार. पहिल्या सत्रात वन्संना वाटलं मुलं सुधारली. दुसऱ्या सत्रात फोन कमी झाले. तिसऱ्या सत्रात त्या आमच्याकडे येऊन सोफ्यावर बसल्या आणि पन्नासेक निबंधांचा गठ्ठा मांडीवर ठेवून म्हणाल्या, “ह्यात एक चूक शोधून दे.” मी चाळले. खरोखरच नव्हती. सगळे निबंध एकाच इस्त्रीवाल्याकडून आल्यासारखे, कडक आणि गरम.

“मग चांगलंच आहे ना?” मी म्हणाले.

“चांगलं काय बाप्पा! दोन वर्गांत मिळून पन्नास माणसं बसतात आणि कागदावर एकही दिसत नाही.”

कॉलेजने एक सॉफ्टवेअर दिलं. निबंध त्यात टाकला की तो किती टक्के यंत्राने लिहिलाय हे ते सांगायचं. वन्सं त्याला नावं ठेवायच्या. “मला कशाला हवं ते? मी माणूस ओळखते.” पण त्या वर्षी त्यांच्या बोलण्याला एक धार आली होती, जी मी आधी पाहिली नव्हती. आधी त्या चूक सापडली की आनंदायच्या. आता चूक सापडली नाही की संशय घ्यायच्या.

पुढच्या सत्रात त्यांच्या वर्गात रूबेन होता. चाळिशी ओलांडलेला, एसी दुरुस्त करणारा. आमच्याकडे बऱ्याच घरांचे एसी छपरावर असतात. उन्हाळ्यात त्या छपरांवर चढून त्याचे गुडघे गेले होते. त्याची बायको मध्ये बरेच दिवस हॉस्पिटलात व्हेंटिलेटरवर होती. ती बरी झाली, पण तिला पुन्हा नीट श्वास घ्यायला शिकवणारा जो थेरपिस्ट होता, त्याचं काम बघून रूबेनने ठरवलं की आपणही हेच शिकायचं. त्या कोर्सच्या प्रवेशासाठी आधी निबंधलेखन पास व्हायला हवं, म्हणून तो वन्संच्या वर्गात आला.

त्याच्या पहिल्या निबंधावर वन्संचा जीव जडला. बायकोविषयी लिहिताना त्याने तिला ‘सोलमेट’ म्हटलं होतं, पण स्पेलिंग आत्म्याचं नव्हे, बुटाच्या तळव्याचं. “जन्मभर पायाखाली सोबत!” वन्सं मला फोनवर म्हणाल्या. “बरोबर शब्दापेक्षा हा चुकलेला शब्द खरा आहे, कळतंय का तुला?” मला कळत होतं. त्यांनी तो वर्गातही वाचून दाखवला, आणि हेच समजावून सांगितलं. वर्ग हसला. रूबेनही हसला, असं वन्सं म्हणाल्या.

मार्चमध्ये त्याचा दुसरा निबंध आला. त्या थेरपिस्टविषयीचा. त्यात एकही चूक नव्हती. वन्सं तो घेऊन आमच्याकडे आल्या, पण वाचून दाखवला नाही. टेबलावर ठेवून त्यावर बोट आपटत म्हणाल्या, “हा माणूस ह्यात नाही.” आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते सॉफ्टवेअर वापरलं. त्यानेही मोठा आकडा सांगितला. मग त्यांनी कॉलेजच्या ऑफिसात तक्रारीचा फॉर्म भरला. रूबेनला बोलावलं गेलं. तो एवढंच म्हणाला, की मी लिहिलंय. वन्संना ते पुरलं नाही. प्रकरण समितीकडे गेलं. त्याच्या नावापुढे लबाडीचा शेरा लागला असता तर थेरपीच्या कोर्सचं दार बंद झालं असतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. त्या आठवड्यात त्या जेवल्या कमी आणि बोलल्या त्याहून कमी. “मला आनंद होतोय असं वाटतंय का तुला?” असं त्यांनी मला मी काही न विचारता दोनदा विचारलं.

आता वन्संच्या शिफारशीवरून मी फेब्रुवारीतच रूबेनला आमच्या एसीच्या सर्व्हिसिंगसाठी बोलावून ठेवलं होतं, एप्रिलच्या एका शनिवारी. मला वाटलं, तो येणार नाही. मीच कॅन्सल करायला हवं होतं, पण कोणत्या तोंडाने करू? शनिवारी सकाळी बरोबर आठ वाजता ट्रक दारात उभा.

“तुम्ही याल असं वाटलं नव्हतं,” मी म्हणाले.

“अपॉइंटमेंट होती, मॅम,” तो म्हणाला आणि शिडी लावून छपरावर गेला.

दीड तासाने खाली आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. मी पाणी दिलं. तो किचनच्या ओट्याशी बसून कामाचा कागद भरायला लागला. मध्येच थांबला, खिशातून एक छोटी डिक्शनरी काढली आणि शब्द शोधायला लागला. घामाने फुगून तिची पानं दुप्पट झाली होती.

“फोनवर पटकन मिळेल ना?”

“फोन माझ्या आधीच शब्द पुरा करतो. मग तो मी लिहिला की फोनने, हे मलाच कळत नाही. सध्या मला ते कळायला हवंय.”

हे तो टोमणा म्हणून बोलला नाही. खाली बघत, एकेक अक्षर काढत बोलला. मला राहवलं नाही. मी विचारलं, तुम्ही हे कॉलेजात का नाही सांगितलं?

“मी लिहिलंय, असं सांगितलं. त्यापुढे काय सांगायचं असतं?”

मग त्यानेच सांगितलं. सोलमेटवर वर्ग हसला ते त्याने बायकोला सांगितलं नव्हतं. बाई चांगल्या आहेत, त्यांच्या मनात काही नव्हतं, हे त्याला माहीत होतं. पण ज्या बाईला त्याने तीन आठवडे नळ्यांमध्ये पाहिलं, तिच्याविषयी लिहिलेल्या शब्दावर वीस पोरं हसली होती. पुढच्या निबंधात हसण्यासारखं काहीही ठेवायचं नाही, असं त्याने ठरवलं. सात वेळा लिहून काढला. दुपारी ट्रकमध्ये जेवताना, कामाच्या जुन्या कागदांच्या पाठीवर, प्रत्येक शब्द ह्या डिक्शनरीत बघून.

“ते कागद आहेत?”

“ट्रकमध्ये आहेत. कुणी मागितले नाहीत.”

मी आतल्या खोलीत जाऊन वन्संना फोन केला. त्या आधी भडकल्या. “तू त्याच्या बाजूने बोलून राहिली का?” मी सोलमेटचं सांगितलं. पलीकडून लगेच फोन ठेवला गेला. दहा मिनिटांत वन्सं रस्त्याच्या टोकाला दिसल्या. आमच्याकडे छत्री फक्त त्याच वापरतात, उन्हासाठी, आणि ती छत्री त्या दिवशी त्यांच्या चालण्याच्या वेगाने मागे उलटली होती.

रूबेन शिडी ट्रकला बांधत होता. वन्सं त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि उलटलेली छत्री सरळ करायला लागल्या. शेवटी म्हणाल्या, “मला ते कागद बघायचे आहेत. तुमची हरकत नसेल तर.” त्याने सीटखालून काढून दिले. वन्सं तिथेच ड्राइव्हवेवर, उन्हात उभ्या राहून वाचायला लागल्या. त्यांना मनातल्या मनात वाचता येतं हे मला त्या दिवशी कळलं. पहिल्या कागदावर सगळ्या जुन्या चुका होत्या. दुसऱ्यावर थोड्या कमी. एका ठिकाणी त्या थांबल्या. एक अख्खं वाक्य खोडलेलं होतं.

“हे का खोडलंत?”

“त्यात चूक होती, मॅम.”

“होती,” वन्सं म्हणाल्या. “पण...”

“तुम्ही ते वाचून दाखवाल असं वाटलं,” रूबेन म्हणाला.

वन्संनी कागद नीट लावले, कडा जुळवल्या आणि त्याला परत दिले. मग म्हणाल्या, “माझं चुकलं. हा निबंध ओळखण्यात चुकलंच. पण त्याआधी, त्या दिवशी वर्गात चुकलं, ते जास्त.” तो मान हलवत राहिला, नाही नाही असं म्हणत राहिला, आणि शेवटी त्याने मला सांगितलं की एसीचा फिल्टर तीन महिन्यांनी बदला. ते खोडलेलं वाक्य काय होतं हे मी वन्संना नंतर विचारलं. त्यांनी सांगितलं नाही.

तक्रार करायला त्यांना दहा मिनिटं लागली होती. मागे घ्यायला पाच आठवडे लागले. ऑफिसातल्या अधिकाऱ्याने त्यांना विचारलं, तुम्हाला खात्री होती म्हणून तर तुम्ही लिहिलंत ना? वन्सं म्हणाल्या, “खात्री होती. ती चुकीची होती.” सॉफ्टवेअरच्या आकड्याचं काय करायचं, हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. वन्सं चार वेळा गेल्या, रूबेनच्या परवानगीने सहा कागद जोडले आणि तो खोडलेल्या वाक्याचा सातवा जोडला नाही. शेवटी त्याचं नाव स्वच्छ झालं. तो पासही झाला. पण तोवर थेरपीच्या कोर्सची अर्जाची तारीख गेली होती. त्याचं एक वर्ष गेलं. त्या वर्षभर तो त्याच गुडघ्यांनी छपरांवर चढला.

ह्यातून वन्सं थोड्या सावरतायत तोवर सत्राचा शेवटचा आठवडा आला, आणि केल्सी नावाची एकोणीस वर्षांची मुलगी त्यांच्या ऑफिसात येऊन रडायला लागली. ह्या केल्सीच्या फेब्रुवारीतल्या निबंधात त्या सत्रातली वन्संची सगळ्यांत लाडकी चूक होती. तिने लिहिलं होतं, रोज संध्याकाळी आई आणि मी देवाला फिरवून आणतो. ‘डॉग’ची अक्षरं उलटून ‘गॉड’ झाला होता. वन्संना जग जिंकल्याचा आनंद झाला होता. “पालखीच की गं ही!” त्यांनी मंडळाच्या कार्यक्रमात माईकवरून हे सांगितलं होतं. यंत्राच्या त्या सगळ्या दुष्काळात हा एक खराखुरा माणूस सापडला, असं त्या म्हणायच्या.

तर तो निबंध यंत्राने लिहिला होता. केल्सीने यंत्राला सांगितलं होतं, मधूनमधून माणसासारख्या चुका घाल, बाईंना चुका आवडतात. वन्संनी वर्गात इतकं कौतुक केलं की तिला ते सहन होईना.

वन्संनी काय करावं? फॉर्म पुढ्यातच होता. त्यांनी तिला एक कोरा कागद दिला आणि म्हणाल्या, बस, तुझ्या कुत्र्याविषयी लिही. तासाभरात तिने अकरा ओळी लिहिल्या. कुत्रा वारला होता. वन्संनी तिला त्या निबंधाला शून्य दिलं, अकरा ओळींना मार्क दिले, आणि तक्रार केली नाही.

माझा नवरा त्या दिवशी जेवताना चिडला. सहसा तो बहिणीपुढे बोलत नाही. “ताई, हा काय न्याय झाला? ज्याने काही केलं नाही त्याचं वर्ष गेलं, आणि जिने केलं ती सुटली.”

“नाही झाला न्याय,” वन्सं म्हणाल्या. “तिने कबूल केलं म्हणून सुटली असंही नाही. मी घाबरले म्हणून सुटली. मला आता कुणाविषयीच खात्रीने काही लिहून द्यायची भीती वाटते.” आणि ताटातला भात कालवत राहिल्या.  कारखान्यात मी चूक सापडली की वेफर, म्हणजे चिप जिच्यावर बनतात ती चकती, बाजूला काढते. वेफरला घरी जाऊन कुणाला तोंड दाखवायचं नसतं.

वन्सं अजून शिकवतात. यंत्रं आहेतच, आणि मुलं ती वापरतात. कुणी किती वापरलं हे त्या आता आधी विचारतात, आणि जे सांगतील ते ऐकून घेतात. “काही जण खोटं सांगत असतील,” त्या म्हणतात, “पण विचारल्यावर बरेच खरं सांगतात. मी विचारतच नव्हते.” तासाचा अर्धा वेळ सगळे पेन्सिलीने वर्गातच लिहितात आणि वन्सं बाकांमधून फिरतात. कुणाचं काही वाचून दाखवत नाहीत. मला येणारे त्यांचे फोनही बंद झाले. कारखान्यात दुपारी चहा घेताना मला कधी कधी वाटतं, आत्ता फोन वाजावा आणि कुणीतरी म्हणावं, आधी बस.

रूबेनला पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला. वन्संना ते त्याने कळवलं नाही, डेंटिस्टच्या रिसेप्शनिस्टने सांगितलं. त्या “बरं झालं” म्हणाल्या आणि दातांचं क्लीनिंग करून आल्या.

ह्या ऑगस्टमध्ये वन्संनी अचानक आपल्याच कॉलेजात स्पॅनिशच्या वर्गाला नाव घातलं. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी जी भाषा बोलतात ती आपल्याला येत नाही, हे बरोबर नाही, असं त्या म्हणाल्या. पासष्टाव्या वर्षी दप्तर घेऊन जायला लागल्या. पहिले काही आठवडे घरभर क्रियापदांची रूपं म्हणत फिरल्या. मग एका शुक्रवारी वर्गातून परस्पर आमच्याकडे आल्या आणि डायनिंग टेबलाशी बसल्या. हातात पहिला तपासलेला निबंध होता. लाल शाई मला ओट्यापासूनही दिसत होती. शिकवणारी मुलगी तिशीची होती म्हणे, आणि तिने एका वाक्याखाली हसरा चेहरा काढला होता.

“बघू ताई, काय लिहिलंयस?” माझ्या नवऱ्याने हात पुढे केला.

वन्संनी कागद झटकन उलटा केला आणि त्यावर पंजा ठेवला. त्यांचे कान लाल झाले होते. साठीच्या पुढच्या बाईचे कान असे लाल झालेले मी पाहिले नव्हते.

“काही नाही रे. घरच्या माणसांवर लिहायचं होतं,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, “चहा टाकतेस का गं?”

मी नवऱ्याला डोळ्यांनी गप्प केलं आणि चहा टाकला. पाणी उकळेपर्यंत त्यांचा हात त्या कागदावरच होता.